उचंत खात्यातला आजार

मे महिन्यात सोलापूरचा पारा ४३ अंशांवर गेलेला असतो, रस्त्यावरचे डांबर चपलेला चिकटत असते, आणि आमच्या पतसंस्थेत काचेपलीकडे बसलेली लेखापाल बाई मात्र टोके कापलेले लोकरी हातमोजे घालून पावत्या तपासत असते. नवा खातेदार आधी हसतो, मग अवघडतो आणि शेवटी विचारतोच. ती बाई म्हणजे मी. माझे टेबल एसीच्या नेमके समोर आहे, आणि ज्या गारव्यासाठी लोक पासबुक भरायच्या निमित्ताने आमच्याकडे येऊन बसतात, त्याच गारव्याने माझी बोटे पांढरी पडतात.

खातेदाराला मी "थंडी सोसत नाही" एवढेच सांगते, आणि "सोलापुरात कसली आलीय थंडी?" हा पुढचा प्रश्न ऐकून घेते. खरे उत्तर खिडकीत उभ्या माणसाला सांगण्यासारखे नाही. मला कदाचित स्क्लेरोडर्मा हा कातडी कठीण करणारा आजार आहे, कदाचित त्याच्या भावकीतला दुसरा एखादा आजार आहे, आणि कदाचित यातला कोणताच पूर्ण रूपाला कधी येणारही नाही. अशा तीन 'कदाचित'सह जगणे कसे असते, ते लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

सुरुवात २०२० च्या जानेवारीत, गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धरामेश्वर यात्रेच्या, दिवसांत झाली. भोगीच्या दिवशी सिद्धरामेश्वरांच्या अक्षता सोहळ्यासाठी आम्ही सकाळीच तलावाकाठी संमती कट्ट्याच्या बाजूला जागा धरून बसलो होतो. वारा बोचरा होता. बरोबर आणलेला बाजरीच्या भाकरीचा डबा उघडायला गेले, तर उजव्या हाताची दोन बोटे मधल्या पेरापर्यंत खडूसारखी पांढरी झालेली होती आणि डब्याचे झाकण हाताला लागत आहे की नाही हेच कळत नव्हते. काही वेळाने तीच बोटे निळसर झाली, मग लालबुंद होऊन ठणकू लागली. माझ्या मुलीने गंमत म्हणून त्यांचा फोटो काढला. पुढे रक्ताच्या पहिल्या तपासणीपेक्षा डॉक्टरांना तो फोटोच अधिक उपयोगी पडला, कारण दवाखान्यात जाईपर्यंत बोटे नेहमीच शहाण्यासारखी आपल्या रंगावर आलेली असतात.

या प्रकाराला रेनॉड म्हणतात. मॉरिस रेनॉड या फ्रेंच वैद्याने १८६२ मध्ये आपल्या प्रबंधात त्याचे वर्णन केले. थंडीने किंवा मनावरच्या ताणाने बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या गरजेपेक्षा जास्त आवळतात, रक्त पुढे जात नाही आणि बोट पांढरे पडते. बहुतेकांच्या बाबतीत ते तेवढ्यावरच थांबते. त्यामागे दुसरा कोणताही आजार नसतो आणि आयुष्यभर थंडीत हात झाकण्यापलीकडे काही करावे लागत नाही. मात्र तरुणपण ओलांडल्यावर पहिल्यांदाच सुरू झालेला रेनॉड असेल, तर डॉक्टर जरा सावध होतात. माझे वय तेव्हा एकोणचाळीस होते.

सावध होण्याची संधी मात्र कोणाला मिळाली नाही, कारण मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि पुढचे वर्ष-दीड वर्ष बोटांची तक्रार घेऊन दवाखान्यात जाणे हेच चैनीचे वाटू लागले. त्या काळात सकाळी उठल्यावर बोटे फुगलेली असायची. मूठ वळेना. लग्नातली अंगठी निघेना, तेव्हा शेवटी सराफाकडून ती कापून घ्यावी लागली. त्याने तुकडे कागदाच्या पुडीत बांधून दिले आणि "सूज उतरली की घेऊन या, जोडून देतो," असे सांगितले. ज्वारीची भाकरी थापायला मला पूर्वी कंटाळा यायचा, आता उलटे झाले; उकळी आलेल्या पाण्यात पीठ कालवून ते कोमट असताना मळायला घेतले की बोटे हळूहळू सैल होत आणि सकाळची ती पंधरा मिनिटे दिवसातली सर्वांत सुखाची वाटत.

पहिल्या डॉक्टरांनी अशक्तपणा सांगितला, दुसऱ्यांनी वात. त्यांना दोष द्यावा असे मला वाटत नाही, कारण संधिवाताची नेहमीची तपासणी निर्दोष आली होती आणि हा आजार एखाद्या सर्वसाधारण डॉक्टरच्या वाट्याला क्वचितच येतो. तिसऱ्या ठिकाणी मात्र एएनए नावाची तपासणी सांगितली गेली. आपल्या रोगप्रतिकार यंत्रणेने आपल्याच पेशींच्या केंद्रकाविरुद्ध प्रतिपिंडे तयार केली आहेत का, हे ती पाहते. रक्तरस पुन्हा पुन्हा दुप्पट पातळ करत नेतात आणि कितव्या पायरीपर्यंत प्रतिपिंडे दिसतात ते नोंदवतात. माझा आकडा १:३२० आला. धडधाकट माणसांतही कमी पातळीचा एएनए बऱ्याच जणांच्या रक्तात सापडतो, त्यामुळे नुसता हा अहवाल हातात घेऊन रडत बसू नये, हे मला तेव्हा कोणी सांगितले असते तर फार बरे झाले असते.

त्यापाठोपाठ पट्टीवरची तपासणी झाली. एका पट्टीवर निरनिराळ्या प्रतिपिंडांसाठी रेघा असतात आणि जी रेघ उमटेल तिच्यापुढे अधिक चिन्हे काढतात. माझ्या पट्टीवर 'एससीएल-७०' या, स्क्लेरोडर्माशी जोडलेल्या प्रतिपिंडाच्या नावापुढे एक अधिक चिन्ह होते. एकच, तेही फिकट. त्या रात्री मी ते नाव फोनवर शोधले आणि पहाटेपर्यंत वाचत राहिले. सर्वांगाची कातडी कठीण होणे, फुफ्फुसे आकसणे, मूत्रपिंडावर घाला येणे, असे सगळे त्या एका चिन्हामागे दडलेले मला दिसू लागले. स्क्लेरोडर्मा हा शब्द मूळ ग्रीक भाषेतला असून त्याचा अर्थ 'कठीण त्वचा' एवढाच आहे. पण आजार कातडीपुरता नसतो. शरीरात जिथे जिथे बारीक रक्तवाहिन्या आणि त्यांना धरून ठेवणारे तंतू आहेत, तिथे तिथे तो पोहोचू शकतो. 'शकतो' या क्रियापदाकडे त्या रात्री माझे लक्षच गेले नाही.

मग पुण्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. पहाटे उठून हुतात्मा एक्सप्रेस गाठायची, एसीचा डबा टाळून साध्या डब्यात खिडकी बंद करून बसायचे आणि अडीचशे किलोमीटरहून अधिक अंतर कापून संधिवाततज्ज्ञांपुढे हात पसरायचे. 'हात पसरणे' मी शब्दशः लिहिते आहे. त्यांनी पहिली दहा मिनिटे अहवालाकडे पाहिलेच नाही. बोटांची कातडी चिमटीत धरून पाहिली, मग हाताच्या मागची, दंडाची, चेहऱ्याची, पोटाची; शरीरावरच्या १७ ठिकाणी कातडीला ० ते ३ गुण देण्याची एक पद्धत आहे. नखाच्या मुळाशी तेलाचा थेंब टाकून भिंगातून तिथल्या केशवाहिन्या पाहिल्या. स्क्लेरोडर्मात त्या अनेकदा फुगून मोठ्या होतात, मधेच तुटतात, काही जागा ओसाड पडतात. माझ्या काही केशवाहिन्या वाकड्यातिकड्या होत्या, पण निर्णायक म्हणावे असे काही नव्हते. रक्त पुन्हा, वेगळ्या पद्धतीने तपासले, तेव्हा एससीएल-७० आढळले नाही. पट्टीवर फिकट उमटलेली रेघ अशी फसवू शकते, त्यामुळे दुसऱ्या पद्धतीने खात्री करून घेण्याचा प्रघात आहे.

आनंद व्हायला हवा होता, पण मी लेखापाल पडले. मी विचारले, "म्हणजे डॉक्टर, आजार आहे की नाही?"

त्यांनी कागद ओढला आणि मला समजेल अशा भाषेत हिशेब मांडला. अमेरिका आणि युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून २०१३ मध्ये या आजाराचे निकष ठरवले, त्यात गुण आहेत. ९ किंवा अधिक झाले तर त्या माणसाला स्क्लेरोडर्माच्या गटात धरतात. बोटांची कातडी कठीण होऊन ते काठिण्य बोटांच्या मुळापलीकडे गेले असेल, तर एकट्या त्यालाच ९ गुण आहेत. माझ्याकडे ते नव्हते. रेनॉडचे ३. फुगलेल्या बोटांचे २. विशिष्ट प्रतिपिंड असेल तर आणखी ३. पहिला अहवाल खरा मानला तर माझी बेरीज ८ होत होती आणि दुसरा खरा मानला तर ५.

"एका गुणाने नापास?" मी विचारले.

ते हसले. हे निकष संशोधनासाठी सारखे रुग्ण निवडता यावेत म्हणून केलेले आहेत, समोर बसलेल्या माणसाला पास-नापास करण्यासाठी नव्हेत, असे त्यांनी सांगितले. ८ गुणांच्या माणसाला आजार असू शकतो, आणि आकड्यांवर जिवापाड प्रेम करणाऱ्या माणसाने ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी, असेही ते म्हणाले. मग त्यांनी माझ्या कागदावर लिहिले: 'यूसीटीडी'. त्याच्याखाली एक मोठे प्रश्नचिन्ह काढून त्यापुढे 'अर्ली एसएससी'. पहिल्याचा अर्थ, शरीरातल्या संयोजी ऊतींचा स्वयंप्रतिकार आजार, ज्याचे नेमके रूप अजून वेगळे झालेले नाही. दुसऱ्याचा अर्थ, अगदी प्राथमिक अवस्थेतला स्क्लेरोडर्मा असावा काय?

ही भावकी मोठी आहे. ल्युपस, स्क्लेरोडर्मा, स्नायूंचा दाह करणारा मायोसायटिस, डोळे आणि तोंड कोरडे करणारा शोग्रेन हे सगळे एकाच बांधावरचे भाऊबंद. एकाची लक्षणे दुसऱ्याच्या शेतात सहज उतरतात. १९७२ मध्ये तर अशा रुग्णांचे वर्णन झाले, ज्यांच्यात ल्युपस, स्क्लेरोडर्मा आणि मायोसायटिस या तिघांचीही लक्षणे होती आणि रक्तात यू-१ आरएनपी नावाचे एक वेगळेच प्रतिपिंड होते. त्या मिश्रणालाच मग स्वतंत्र नाव मिळाले. माझ्यासारखे जे कोणत्याच नावात बसत नाहीत, त्यांच्यापैकी काहींचा आजार पहिल्या काही वर्षांत एखादे स्पष्ट रूप घेतो, बरेच जण वर्षानुवर्षे आहेत तिथेच राहतात आणि थोड्यांची लक्षणे ओसरतातही. माझे कोणते होईल ते पुढे काय दिसते त्यावरच ठरणार, आणि ते पाहायला कोणतेही यंत्र नाही.

परतीच्या गाडीत कुर्डुवाडी मागे पडल्यावर मला उचंत खाते आठवले. पतसंस्थेत एखादी रक्कम जमा होते, पण ती कोणाची, कशापोटी, हे कळत नाही; चलनावर क्रमांक चुकलेला असतो किंवा नावच नसते. अशी रक्कम आपण नाकारत नाही आणि अंदाजाने कोणाच्याही खात्यात टाकत नाही. ती उचंत खात्यात ठेवतो. ती नोंद म्हणजे चूक नसते. खुलासा होईपर्यंत प्रामाणिकपणे राखलेली जागा असते, आणि घाईघाईने ती भलत्या खात्यात वळवणारा कारकूनच पुढे अडचणीत येतो. माझ्या कागदावरचे प्रश्नचिन्ह त्या दिवसापासून मला कमी टोचू लागले. फरक एवढाच की लेखापरीक्षक ३१ मार्चपूर्वी उचंत खाते शून्य करायला लावतात, आणि शरीराला ३१ मार्च नसतो.

घरी मात्र हा दाखला फारसा चालला नाही. सासूबाईंचे म्हणणे असे की एवढे पैसे घेऊन नावसुद्धा न सांगणारे डॉक्टर कसले. एका विमा प्रतिनिधीने अर्जातल्या 'आजाराचे नाव' या चौकोनात प्रश्नचिन्ह लिहिता येणार नाही, असे सांगून अर्ज परत दिला. आमच्या शेजारी पूर्व भागातून राहायला आलेल्या, घरी विड्या वळणाऱ्या एक पद्मशाली अक्का आहेत. त्यांनी माझ्या गोळ्यांच्या पाकिटाकडे पाहून विचारले, "नावच नाही म्हणता, मग गोळी कशाची खाता ओ ताई?"

या प्रश्नाला मला त्या क्षणी उत्तर देता आले नाही, आणि इतक्या वर्षांत याहून नेमका प्रश्न मला कोणी विचारलेलाही नाही. पुढे पुण्याला गेले तेव्हा तोच प्रश्न मी डॉक्टरांना विचारला आणि उत्तर अक्कांना आणून दिले. गोळी नावाची नसते, लक्षणांची असते. बोटांतल्या रक्तवाहिन्या सैल राहाव्यात म्हणून रक्तदाबावर देतात त्याच जातीची निफेडिपिन. प्रतिकार यंत्रणेचा जोर थोडा उतरावा म्हणून हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, जी कोरोनाच्या काळात घराघरात माहीत झाली, अजूनही औषध दुकानातला मुलगा ती देताना "परत आला काय कोरोना?" असे विचारून स्वतःच हसतो. ती दीर्घकाळ घ्यायची म्हणून डोळ्यांच्या पडद्याची नियमित तपासणी. अन्ननलिकेची हालचाल मंदावून छातीत जळजळते म्हणून आम्लपित्ताची गोळी, आणि पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली दोन विटा. अक्कांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "म्हणजे विटा पण औषधात धरल्या तुम्ही." धरल्याच आहेत.

सुचवलेल्या इतर उपायांची यादी देत नाही; ज्याच्या घरी दीर्घ आजार आहे त्याला ती पाठ असते. पण एक गोष्ट सांगायलाच हवी. "ताकदीचे इंजेक्शन" किंवा सांधे मोकळे करणारी निनावी पुडी घेण्याचा आग्रह मला तीन वेगवेगळ्या घरांतून झाला. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते, आणि स्क्लेरोडर्मात स्टेरॉइडच्या मोठ्या मात्रेने मूत्रपिंडावर अचानक घाला येण्याचा धोका वाढतो. रक्तदाब एकाएकी चढणे आणि डोके फुटेल असे दुखणे ही त्याची खूण. एके काळी हा घाला बहुधा जीवच घ्यायचा. १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्यावर लागू पडणारी औषधे हाती आली, म्हणून आज तो वेळेत ओळखला तर आवरता येतो. माझे निदान पक्के नसले तरी हा नियम मला पक्क्या निदानाइतकाच लागू आहे, म्हणून घरी रक्तदाबाचे यंत्र आहे आणि दर रविवारी मी तो वहीत लिहिते.

वहीवरून आठवले. मध्यंतरी मला मोजण्याचे वेड लागले होते. या आजारात ओठांभोवतीची कातडी आवळून तोंड लहान होऊ शकते, हे वाचल्यापासून मी रोज रात्री आरशापुढे उभी राहून जबडा उघडायची आणि तीन बोटे उभी आत जातात का ते पाहायची. मग बोटांचा भरवसा वाटेना, म्हणून मुलीची पट्टी घेतली. ४६ मिलिमीटर. दुसऱ्या दिवशी ४४, आणि ती रात्र वाया. तिसऱ्या दिवशी ४७. हे सगळे मी तारखेनिशी लिहून पुण्याला नेले. डॉक्टरांनी ती पाने शांतपणे चाळली आणि म्हणाले, "ताई, तीन महिन्यांतून एकदा मोजा. रोज मोजलेत तर आजार नाही, काळजी मोजली जाते." पट्टी मुलीच्या कंपासपेटीत परत गेली.

ज्या गोष्टी खरोखर मोजायच्या, त्या वर्षातून एकदा मोजतात. श्वासाची तपासणी होते. तिच्यात नळीतून किंचित कार्बन मोनॉक्साइड असलेली हवा ओढून दहा सेकंद रोखून धरावी लागते आणि फुफ्फुसांतून रक्तात वायू किती सहज उतरतो ते कळते. हृदयाचा टूडी इको होतो, लघवीत प्रथिने जातात का ते पाहतात, आणि नखाच्या मुळाशी पुन्हा तेलाचा थेंब पडतो. नाव माहीत असते तरी पहिल्या वर्षांत याहून फार वेगळे काही केले नसते, हे समजायला मला दोन वर्षे लागली. त्या दोन वर्षांत नावासाठी मी ज्या तीन जादा तपासण्या हट्टाने करून घेतल्या, त्यांचे पैसे आज आठवले की वाईट वाटते.

तरीही नावाची ओढ जात नाही, हे मी नाकारणार नाही. दरवर्षी २९ जून हा जागतिक स्क्लेरोडर्मा दिन असतो. चित्रकार पॉल क्ले १९४० मध्ये त्या तारखेला वारला. त्याला स्क्लेरोडर्मा होता असे मानले जाते, पण ते नाव पुढच्या अभ्यासकांनी त्याच्या लक्षणांवरून ठरवले. ही गोष्ट वाचली तेव्हा मला त्याच्या चित्रांविषयी काही वाटण्याआधी एक विचित्र मत्सर वाटला, की निदान मेल्यावर तरी त्याच्या कागदावरचे प्रश्नचिन्ह पुसले गेले. मग स्वतःचेच हसू आले. त्या दिवशी काही जण निळसर हिरव्या फितीचे चित्र लावतात. मी अजून कधी लावलेले नाही. भावकीत आपले नक्की नाते काय ते ठाऊक नसताना पंगतीला बसावे की नाही, असा तो संकोच आहे.

गेल्या महिन्यात पुन्हा पुण्याला जाऊन आले. श्वासाचे आकडे गेल्या वर्षाइतकेच आहेत, इको ठीक आहे, डाव्या हाताच्या अनामिकेच्या नखाशी एक केशवाहिनी पूर्वीपेक्षा मोठी दिसते, पण एकीवरून काही म्हणता येत नाही. फाइल भरली म्हणून डॉक्टरांनी नवी उघडली. पहिल्या पानावर माझे नाव आणि वय लिहिले, मग 'यूसीटीडी', आणि त्याखाली आधी प्रश्नचिन्ह काढून मगच पुढची अक्षरे लिहिली. पुढची तारीख मात्र सहा महिन्यांऐवजी वर्षाने दिली. मी आठवण करून दिली म्हणून त्यांनी ती जानेवारीतून फेब्रुवारीत सरकवली. गड्ड्याच्या दिवसांत घरी पाहुणे असतात, आणि अक्षतांना मला जायचे असते, हातमोजे घालून.